मरणाच्या भीतीवरची कादंबरी वाचून पोट धरून हसलो, आता झोप उडाली आहे. पुढे वाचू का?

रात्रपाळी_डोंबिवली
मंडळी, डॉन डेलिलोची 'व्हाइट नॉइज' (१९८५) कुणी वाचली आहे का?

आधी माझी केस सांगतो. वय ४४. दोन वर्षांत तीन ईसीजी, एक टूडी एको, एक स्ट्रेस टेस्ट. सगळं नॉर्मल. आमचे डॉक्टर आता मला दारात बघितलं की आधी चहा सांगतात, मग स्टेथोस्कोप शोधतात. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर अजून उशीखाली असतो. ९७ आला की ९८ का नाही म्हणून दुसऱ्या बोटाला लावून बघतो.

भाच्यानं हे पुस्तक आणून दिलं. म्हणाला, "मामा, तुझ्यावरच लिहिलंय."

नायक जॅक ग्लॅडनी. अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या कॉलेजात त्यानं हिटलरवर अख्खा विभाग काढलाय आणि बाबाला जर्मन येत नाही! गुपचूप शिकवणी लावलीय. रुबाबासाठी डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर झगा. पण घरी नवरा-बायको दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब: आधी कोण जाणार? मी हे हिला वाचून दाखवलं. विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "आधी तू खाली जा आणि दूध घेऊन ये."

मग मालगाडीच्या टँकरमधून विषारी वायू सुटतो. गाव खाली करताना ग्लॅडनी पेट्रोल भरायला गाडीतून उतरतो, अडीच मिनिटं त्या हवेत राहतो. छावणीतला माणूस त्याची माहिती संगणकात घालतो आणि बघत बसतो. मरणार का, ते नीट सांगत नाही. पंधरा वर्षांनी जास्त कळेल म्हणतो! त्यातून हे पथक खरं तर आपत्तीची रंगीत तालीम करणारं. खरी आपत्ती आयती मिळाली, तर तालमीला वापरून घेऊ, असा त्यांचा हिशेब.

इथे मी इतका हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली. आणि रात्री तीनला घामाघूम होऊन उठून बसलो. बायकोच्या गोळ्या सापडतात तिथं थांबलोय. पुढचं फोडू नका. फक्त सांगा, माझ्यासारख्यानं वाचावं का?

फुकट_सल्ला
सिनेमा बघ. २०२२चा, नोआ बॉमबाखचा, ॲडम ड्रायव्हर आहे. शेवटी सुपरमार्केटात सगळे नाचतात.

रात्रपाळी_डोंबिवली
फोडलंस ना!

जुनी_भोपाळी
मी हे पुस्तक दोनदा खाली ठेवलं. तुमच्या कारणानं नव्हे.

आम्ही भोपाळचे मराठी. १९८४ साली मी अकरा वर्षांची. २ डिसेंबरच्या रात्री कारखान्यातून वायू सुटला तेव्हा आम्ही नव्या भोपाळात होतो म्हणून वाचलो. काका-काकू स्टेशनजवळ राहायचे. पहाटे काकू आली तेव्हा डोळे उघडत नव्हते. म्हणत होती, "कुणीतरी मिरच्या जाळल्यात गं." पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरी फोडणीचा ठसका लागला की काकू आधी दार उघडायची.

ही कादंबरी आली जानेवारी १९८५मध्ये, म्हणजे जेमतेम दीड महिन्यानं. लिहून आधीच झाली होती. लेखकाला भोपाळ ठाऊक असणं शक्यच नाही.

पण तालमीवरून सांगते. टाकीत उरलेला वायू संपवण्यासाठी १६ डिसेंबरला कारखाना पुन्हा चालू केला. मोहिमेचं नाव काय, तर 'ऑपरेशन फेथ'. वरून हेलिकॉप्टरं पाणी शिंपडणार होती. सरकारनं विश्वास ठेवा म्हटलं आणि माणसांनी ट्रंका उचलल्या. शहरातून लोंढेच्या लोंढे निघाले. आम्हीही इंदूरला मावशीकडे गेलो. त्या गर्दीत आजोबा एकदम म्हणाले, "विश्वास पुढे गेला, आपण मागून जातोय." काकू हसली. डोळ्यांवर पट्टी होती, तरी हसली. त्या वेळी मला तिचा फार राग आला होता.

तिसऱ्या खेपेला पुस्तक पूर्ण केलं. तुम्ही वाचा. पण रात्री नको, दुपारी, घरात माणसं असताना.

लॅबवाला
पॅथॉलॉजीत आहे, रोज तुमच्यासारखे दहा येतात, राग मानू नका. रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापला, की चप्पल घालायच्या आत फोन. अहो, मर्यादेपेक्षा एका दशांशानं पुढे गेला तरी यंत्र ठळक छापतं, त्याला तुमचं काही पडलेलं नसतं.

कादंबरीत रेडिओवर लक्षणं सांगतात तसतशी पोरींना तीच होत जातात, ते वाचलंत ना? आधी तळहाताला घाम. रेडिओनं लक्षण बदललं की मग ते. तुमचा मोबाइल तेच करतोय. रात्री लक्षणं शोधणं बंद करा. आणि झोप अशीच उडत राहिली तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळं हृदयाच्या डॉक्टरवर ढकलू नका.

रात्रपाळी_डोंबिवली
जुनी भोपाळी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. काकू आता कशा आहेत, विचारू का?

जुनी_भोपाळी
२००९ साली गेली. शेवटपर्यंत वांगी गच्चीवरच भाजायची.

रात्रपाळी_डोंबिवली
आज दुपारी ही घरात असताना चाळीस पानं वाचली. गोळ्यांचं प्रकरण म्हणजे कहर आहे. ऑक्सिमीटरचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलेत, ही खूश आहे.

नाडी बोटांनी मोजतो. ७८.