मदत हवी आहे: मुलुखगिरीवरच्या फौजेला शिक्षा झाल्याची कागदपत्रं

मे १६७३ चं चिपळूणच्या छावणीला गेलेलं शिवाजी महाराजांचं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, ती संपली की घोडी मरतील, मग तुम्ही रयतेचं धान्य, गवत, भाजी उचलाल. पेटती वात उंदराने नेली तर गंज्या जळतील, इतका बारकावा त्यात आहे. पण हे आपल्या मुलखापुरतं. परमुलखात, म्हणजे मुलुखगिरीच्या स्वारीवर, लूट रीतसरच होती. सभासद बखर सांगते की बायका-पोरं धरू नयेत, गाय धरू नये, बैल ओझ्यापुरता घ्यावा, आणि निघताना-परतताना झडती देऊन लूट सरकारजमा करावी. अडचण अशी की बखर महाराजांच्या पश्चात लिहिलेली, म्हणजे नियम खरोखर पाळले जात की ती आदर्शाची मांडणी, हे तिच्यावरून ठरत नाही.

म्हणून विचारतो: नियम मोडल्याबद्दल दंड, बडतर्फी किंवा कैद झाल्याची १७०० पूर्वीची मोडी कागदपत्रं कुणाच्या पाहण्यात आहेत का? पुण्याच्या पुराभिलेखागारात नेमके कोणते रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागवावेत? सुरतेच्या लुटीवरचे इंग्रज वखारीचे कागद नकोत. ती लुटल्या गेलेल्यांची बाजू, तिथे शिस्तीचा पुरावा अपघातानेच सापडतो. मोडी वाचता येते. तारीख आणि दफ्तराचं नाव दिलंत तरी पुरे.