प्रोटियस सिम्युलेटरमध्ये चालतं, ब्रेडबोर्डवर नाही! टाकीच्या कंट्रोलरसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते खालच्या हौदात पडतं आणि तिथून अर्ध्या एचपीच्या मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. बंद करायला विसरलं की गच्चीवरून धबधबा, आणि हौद रिकामा असताना चालू राहिली तर मोटर जळते (एकदा वाइंडिंग करून आणलीये, बाराशे गेले). म्हणून म्हटलं आपणच कंट्रोलर करू. एटीमेगा ३२८पी (मायक्रोकंट्रोलर चिप), टाकीत वर-खाली दोन फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीने चालू-बंद होणारे), हौदात एक, पाच व्होल्टचा एक रिले (विजेने चालणारा स्विच), एक एलईडी. बस.

आधी प्रोटियसमध्ये (कॉम्प्युटरवरच सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) सर्किट काढलं, हेक्स फाइल (कंपाइल केलेला कोड) टाकली, प्ले दाबलं, पहिल्या फटक्यात चाललं. एलईडी सेकंदाला उघडझाप, स्विच दाबला की रिले टक. मी खूश. बुधवार पेठेतून सगळा माल आणला, ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पट्टी) जोडला, यूएसबीएएसपीने (चिपमध्ये कोड उतरवायचा प्रोग्रामर) चिप बर्न केली आणि तिथून रडगाणं सुरू. एलईडी लागला तो लागलाच, वाटलं कोड हँग झाला, मग घड्याळ लावून बसलो तर साधारण १६ सेकंद चालू, १६ सेकंद बंद. कोडमध्ये डिले १००० च आहे, दहा वेळा बघितलं. स्विचच्या वायरजवळ नुसता हात नेला तरी इनपुट वरखाली होतं, आणि रिले ओढतच नाही, नुसता कुरकुरतो. क्रिस्टल (चिपला ठोके देणारा भाग) १६ मेगाहर्ट्झचाच लावलाय, सोबत २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर पण आहेत. सिम्युलेशनमध्ये चाललेलं इथे का चालत नाही? चिप डुप्लिकेट आहे का?

प्रतिसाद १:
चिप चांगली आहे हो, तुमच्या १६ आकड्यातच उत्तर आहे. कोरी चिप कंपनीतून येते तेव्हा बाहेरच्या क्रिस्टलकडे बघतच नाही, आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर वापरते आणि त्यालाही ८ ने भागते, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. तुमचा कोड १६ धरून कंपाइल झालाय, म्हणून सगळं १६ पट हळू. तो क्रिस्टल सध्या नुसता शोभेला आहे. प्रोटियसमध्येही शोभेलाच असतो म्हणा, तिथे स्पीड चिपच्या प्रॉपर्टीजमधून ठरतो, क्रिस्टल नाही लावला तरी चालतं. चिपचे फ्यूज (क्लॉक कुठला वापरायचा वगैरे ठरवणाऱ्या आतल्या सेटिंग्ज) बदला. सोपा मार्ग म्हणजे अर्डुइनो आयडीईत (अर्डुइनोचे कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बोर्ड ऊनो, प्रोग्रामर यूएसबीएएसपी निवडून एकदा 'बर्न बूटलोडर' ही कमांड द्यायची, फ्यूज आपोआप बसतात. फक्त क्रिस्टल नीट बसलाय ना ते आधी बघा, नाहीतर फ्यूज बदलल्यावर चिपला क्लॉकच मिळत नाही आणि प्रोग्रामरला ती सापडत नाही, मग लोक मेली समजून फेकून देतात.

प्रतिसाद २:
हात नेल्यावर नाचतं म्हणजे पिन हवेत लोंबकळतेय. सिम्युलेटरमध्ये हवेत ५० हर्ट्झ (घरातल्या विजेचा नॉइज) नसतो ना. इनपुट पुलअप करा, म्हणजे पिन रेझिस्टरने पाच व्होल्टला बांधा (चिपच्या आतही तो असतो), आणि स्विच ग्राउंडला जोडा, लॉजिक उलटं होईल तेवढं सांभाळा. अजून एक, 'मोटर चालवायला हरकत नाही' या स्थितीत स्विच बंद म्हणजे जोडलेला राहील असा फ्लोट बसवा. उद्या उंदराने वायर कुरतडली तर मोटर बंदच पडली पाहिजे, चालू राहता कामा नये. गच्चीवरून येणारी लांब वायर असेल तर आतला पुलअप कमजोर पडतो, बाहेरून ४.७ के लावा आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड.

रिलेची कॉइल मीटरने मोजा, ७० ओहमच्या आसपास येईल, म्हणजे ७० मिलिअँप. पिनची कमाल मर्यादाच ४० आहे. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावा, बेसला १ के, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. प्रोटियसमधल्या रिलेच्या प्रॉपर्टीज उघडून कॉइल रेझिस्टन्स किती लिहिलाय बघा, तिथेच गंमत कळेल. आणि मोटर त्या चिमुकल्या रिलेवर घेऊ नका, स्टार्टिंग करंटने काँटॅक्ट चिकटतात. रिलेने काँटॅक्टर (मोठ्या करंटचा रिले) चालवा. २३० ची वायरिंग वायरमनकडून, ब्रेडबोर्डवर अजिबात नाही.

प्रतिसाद ३:
मी तर सिम्युलेशनच्या भानगडीत पडतच नाही, ऊनो बोर्ड घ्या आणि थेट करा.

प्रतिसाद २:
वरचाच मी. सिम्युलेशन नकोच, हे नाही पटलं. करंट, नॉइज, वायर यासाठी सिम्युलेटर कुचकामी, मान्य. पण लॉजिक तिथेच तपासायचं, प्रत्यक्षात टाकी कितीदा भरणार आणि रिकामी करणार? वरचा फ्लोट 'भरली' म्हणतोय आणि खालचा 'रिकामी', असं मुद्दाम करून बघितलंत का? फुकटात वोकवी नावाचा सिम्युलेटर आहे, ब्राउझरमध्ये चालतो, त्यातलं बटण बाय डिफॉल्ट बाउन्ससुद्धा करतं (दाबताना खऱ्या स्विचसारखी क्षणभर उघडझाप). पण तिथे ॲनालॉग भाग नाही, रेझिस्टर न लावताही एलईडी मजेत जळत राहतो, त्यावर विसंबू नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार! बूटलोडर बर्न केलं, एलईडी सेकंदाच्या ठोक्याला. पुलअपने हात नेल्यावरचं नाचणंही बंद. ट्रान्झिस्टर उद्या आणतो. आणि ते वर 'भरली', खाली 'रिकामी' आत्ताच प्रोटियसमध्ये करून बघितलं... मोटर चालू झाली राव. मी फक्त खालचाच फ्लोट आधी तपासत होतो. कोड परत उघडलाय, उद्या इथेच टाकतो, बघा जरा.