वेळास, हर्णे, कशेळी: गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

कर्वेनगरकर
फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याहून गाडी काढतोय. मी, नवरा, सहावीतली लेक आणि सासू-सासरे. ताम्हिणीतून उतरून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग वेळास, आंजर्ले, हर्णे आणि शेवटी रत्नागिरीच्या खाली आडिवरे-कशेळी असा बेत आहे. एक टूरवाले म्हणतात, पूर्ण प्रवासाला गाईड बरोबर देतो. नवऱ्याचं म्हणणं, रस्ता फोन दाखवतो, मग माणूस कशाला? सासऱ्यांना मात्र प्रत्येक ठिकाणचा इतिहास ऐकायचा असतो, आणि लेकीला कासवांची पिल्लं आणि कातळशिल्पं बघायचीच आहेत. नुसते मासे खाऊन परत यायचं नाहीये. ज्यांनी हा किनारा केलाय त्यांनी सांगा, गाईड खरंच लागतो का?

धायरीचा_भटक्या
अजिबात नको. गाडीतली एक जागा अडेल आणि दर वेळी त्याच्या घाईने निघावं लागेल. जिथे उतराल त्या घरातल्या काकूंना विचारा, गावातलं सगळं कळतं.

सड्यावरची_वाट
ताई, मी राजापूर तालुक्यातला, नोकरीमुळे धनकवडीत राहतो. पुण्यापासून गाईड नेऊ नका, पण कशेळीला स्थानिक माणसाशिवाय जाऊही नका.

वेळासला वेगळा माणूस लागत नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरून ठेवलेली असतात. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ते घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर वाळूवर सोडतात आणि लोकांना माहितीही तेच देतात. अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे नेमक्या त्या दिवशी पिल्लं निघतील असं कुणीच सांगू शकत नाही. ‘नक्की दाखवतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शक्य असेल तर मुक्काम करा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही मिळतील.

कशेळीचं वेगळं. सडा म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट जांभा. त्यावर कोरलेला हत्ती इतका मोठा आहे की त्याच्या पाठीवर उभं राहिलात तरी पायाखाली नुसत्या चरासारख्या रेघा दिसतात. माहीतगार माणूस बरोबर असला की तो सोंडेपासून सुरुवात करतो, रेघेच्या कडेकडेने चालवत नेतो, आणि मग हत्तीच्या पोटातले मासे आणि इतर प्राणी एकेक करून दिसायला लागतात. तुमच्या लेकीच्या वयाची मुलं तिथून हलत नाहीत. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली त्यात हेही आहे. त्याच यादीतल्या देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी होकायंत्र भरकटतं. लेकीच्या खिशात एक होकायंत्र असू द्या.

माणूस आपल्या पायाखाली काय आहे हे जाणतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रेघा ओळखता न येणारे लोक थेट त्यांच्यावरून चालतात, कुणी फोटोसाठी त्यात खडू भरतात. हजारो वर्षं पावसात टिकलेलं काम आपल्या चपलांनी झिजावं हे बघवत नाही. गावातल्या माणसाला त्यातून चार पैसे मिळाले तर सडा राखायला त्यालाही बळ येतं.

जायचं ते उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा चारनंतर. भर दुपारी रेघा दिसत नाहीत आणि सावलीला एक झाड नाही. सासूबाईंना तेवढ्या वेळात कनकादित्याच्या देवळात बसता येईल.

सदाशिव_पेठ_निवृत्त
सासऱ्यांसाठी लिहितो. हर्णेच्या बंदरावर उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला. 1755 मध्ये मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुण्यात घेतलेल्या निर्णयाने मराठ्यांचंच आरमार दुबळं झालं, आणि मला याचं आजही वाईट वाटतं. हे निघण्याआधी वाचून जा. सुवर्णदुर्गाच्या आत मात्र माहीतगार सोबत हवा, दरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती घाईत नजरेतून सुटतात. पैसे आणि किती वेळ थांबणार, हे दोन्ही होडीत बसण्याआधी ठरवा.

कर्वेनगरकर
सगळ्यांचे आभार. म्हणजे टूरवाल्यांना नाही म्हणते आणि कशेळीला गावातलाच माणूस बघते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा राहिली. खडकातून आहे म्हणे, तिथे कुणी लागेल?

सड्यावरची_वाट
गाईड नको, पण वेळ अचूक हवी. तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत, म्हणून हे नीट वाचा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. दशमी असेल तर साडेसात, सकाळी आणि रात्रीही. पूर्ण ओहोटी तिथून सहा तासांनी, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास. त्याआधी तासभर उतरा आणि पाणी फिरायच्या आत वर या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीतही कडेला जायचं नाही. आणि हिशोब बरोबर आला तरी उतरण्याआधी देवळापाशी एकदा विचाराच. ते ‘आज नको’ म्हणाले तर नको. खडक शेवाळाने निसरडे असतात, सासू-सासऱ्यांना वरूनच दर्शन घेऊ द्या.