तुम्ही कुठले जाधव?

गेल्या महिन्यात भाचीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. चहा यायच्या आत प्रश्न आला, "जाधव म्हणजे कुठले जाधव?" मी म्हणालो, "खटाव तालुक्यातले." समोरच्यांना गाव नको होतं. जे हवं होतं ते त्यांनी आणखी तीन वळणं घेऊन विचारलंच.

परत येताना एसटीत विचार करत होतो. देवगिरीच्या यादवांपासून हे आडनाव आलं असं सांगतात. आज ते मराठ्यांत आहे, बौद्धांत आहे, बंजाऱ्यांत आहे. सेनापती धनाजी जाधवांपासून क्रिकेटपटू केदार जाधवपर्यंत एकही क्षेत्र या नावानं सोडलेलं नाही. या मोठ्या माणसांमुळे आपल्यासारख्या साध्या जाधवांच्या वाट्याला काय आलं, ते इथं लिहूया. माहेरच्या जाधवांनीही लिहा. नात्याचा दावा नको, अनुभव हवा.

कराड

आमच्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच आठवड्यात गोळेश्वरला नेतात. ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांचं घर, 'ऑलिंपिक निवास', बाहेरून दाखवतात. मी जाधव म्हणून मला पुढं उभं केलं आणि म्हणाले, "नाव सारखं हाय म्हणून सूट न्हाई. तुला रोज शंभर जोर जादा." दोन वर्षं ते शंभर जोर चुकले नाहीत.

खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतला हा पैलवान मॅटवर खेळून सहावा आला. पुढं १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. ५७ किलो गटात कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं यायला ४४ वर्षं लागली. कराड स्टेशनावरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यातल्या एका गाडीत माझा आजा होता, नऊ वर्षांचा. तो सांगायचा, बैलांची शिंगं रंगवायला पोळ्याचा उरलेला हुरमुंज वापरला आणि गाडीत बसून बसून त्याची चड्डी लाल झाली.

एक गोष्ट मनातून जात नाही. १९८४ ला खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. माणूस डोळ्यांनी बघायला असताना द्यायला हवा होता.

पुणे

१५ जानेवारी २०१७. बाबा आणि मी गहुंजेला इंग्लंडविरुद्धचा सामना बघायला गेलो होतो. ३५१ करायचे होते आणि आपले ६३ वर ४ गेलेले. मग केदार आला. तो आणि कोहली, दोघांनी २०० ची भागीदारी केली. केदारचे ७६ चेंडूंत १२०. शेवटी त्याच्या पायात गोळे आले, धाव घेता येईना, तर तो उभ्या जागेवरून चेंडू सीमेपार मारत होता.

बाबा एका कचेरीत शिपाई होते. आयुष्यभर त्यांना नुसत्या आडनावानं हाक आली ती साहेबांच्या केबिनमधून, फाइल आणायला. त्या रात्री हजारो माणसं "जाधव! जाधव!" ओरडत होती. मी बाजूला बघितलं तर बाबा ओरडत नव्हते, खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि नुसते ऐकत होते. बाहेर पडताना त्यांनी पाठीवर 'जाधव' लिहिलेला निळा टी-शर्ट घेतला. भाव केला नाही.

वर खाशाबांचा उल्लेख आला म्हणून सांगते, त्यांचा जन्मही १५ जानेवारीचा, १९२६ चा. आता हाच दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

पुसद

आमच्या तांड्यावर राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव, एवढ्यात सगळे आले. आश्रमशाळेत एका वर्गात आम्ही सात जाधव. बाहेरगावी स्पर्धेला गेलो की पंच विचारायचे, "सातारचे का?" मी सांगायचो, "नाही सर, तांड्यावरचा." एवढं सांगताना आवाज बारीक होऊ द्यायचा नाही, हे मी ठरवून शिकलो.

मुंबई

मी बँकेत लागले ते १९९३ साल. शाखेत सगळ्यांनी मला मनानंच 'आपल्यातली' धरलं होतं, जाधव म्हणून. डबा एकत्र होता. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला रजा टाकली. सात तारखेला जेवायच्या टेबलावर माझी नेहमीची खुर्ची भरलेली होती. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं.

त्याच वर्षी नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' आलं. ओझरहून मुंबईला आलेले त्यांचे वडील दादा, वडाळ्यातलं घर, आणि तिथून मुलगा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट करून रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ. मी रात्री दिव्याखाली वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवलं, मुखपृष्ठ वर करून. आठवडाभर तिथंच होतं. मग कॅशमधल्या बाईंनी मागून नेलं. पंधरा दिवसांनी परत दिलं तेव्हा त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं, कडा नीट दुमडून, आणि सोबत डब्यात मेथीचे ठेपले. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकत्र जेवायला लागलो. बाकीच्यांचं तसंच राहिलं. पुढं जाधव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले ती बातमी मला पहिल्यांदा त्या कॅशमधल्या बाईंनीच फोन करून सांगितली.

बुलढाणा

माहेर जाधव, सासरचं आडनाव वेगळं. लग्नानंतर कागदपत्रांत नाव बदलायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं जुनं आडनाव लाल पेनानं खोडलं, दोन आडव्या रेघा. ते खोडलेलं मला अजून दिसतं.

दर १२ जानेवारीला आई मला सिंदखेडराजाला न्यायची. जिजाऊंना आपण शहाजीराजांच्या पत्नी, शिवरायांच्या आई म्हणून ओळखतो, पण जयंतीला गर्दी लोटते ती लखुजीराव जाधवांच्या वाड्यावर, म्हणजे माहेरी. १६२९ मध्ये निजामशाहीच्या दरबारात लखुजीराव आणि त्यांची मुलं दगा होऊन मारली गेली. लखुजीरावांची समाधी गावातच आहे. आई तिथं हात टेकवून थोडा वेळ गप्प उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "बापाचं असं कळल्यावर पोरीला काय झालं असंल."

मुलीच्या नावात मधे जाधव घातलंय. नवऱ्यानं ना केली नाही.

शिवडी

आमच्याकडं सिद्धार्थ जाधव! एकांकिकेत काम करणाऱ्या प्रत्येक काळ्यासावळ्या, बुटक्या पोराला त्याच्यामुळं तालमीला उभं राहायची हिंमत आली. मी त्यातलाच. बाकी काही सांगायचं नाही.

सातारा जिल्हा, वाचनालय

तीस वर्षं ग्रंथपाल आहे. संगणक आला तरी कार्डांचा लाकडी खण मी काढू दिला नाही. लेखक आडनावानं लावतात, त्यामुळं सगळे जाधव एका ठिकाणी. समीक्षक रा. ग. जाधव, २००४ च्या औरंगाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, विश्वकोशाचं मोठं काम त्यांच्या हातून झालं. त्यांची कार्डं बोटं लागून मऊ पडलीत, कारण दलित साहित्यावर अभ्यास करणारी मुलं पहिल्यांदा तोच खण ओढतात.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच ऊसतोड कामगाराच्या मुलानं कवितांचं पुस्तक काढलं. जाधवच. नाव 'प' वरून. मी कार्ड शाईनं लिहिलं, वाळू दिलं आणि जागा शोधली: पुढं 'जाधव, नरेंद्र', मागं 'जाधव, रा. ग.' तो चपला बाहेर काढून माझ्या शेजारी उभा होता. मी कार्ड आत सरकवलं. तो म्हणाला, "सर, खण जरा उघडाच राहू द्या."