कोरियन आणि चायनीज वनौषधी: खरंच फरक आहे का? (एमएस्सी प्रोजेक्टसाठी मदत पाहिजे)

संत्रेवाला_पोट्टा

नमस्कार मंडळी. नागपुरातच एमएस्सी बॉटनी करून राहिलो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. विषय मीच मागून घेतला, कोरिया आणि चीनचं औषधी वनस्पतींचं पारंपरिक ज्ञान, दोघांची तुलना. (बहीण रात्रंदिवस के-ड्रामा पाहते, त्यात एक राजवैद्य होता, तिथून हे डोक्यात बसलं, सरांना अर्थातच हे सांगितलं नाही.)

आता लोचा असा झाला की सिनॉप्सिस पाहून सर म्हणाले, अरे कोरियाचं सगळं चीनमधूनच तर आलं, तेच यिन-यांग, तीच पाच तत्त्वं, त्याच सुया, तू तुलना कशाची करणार? आणि खरं सांगू का, मी जो तक्ता बनवला त्यात डावीकडे चीन उजवीकडे कोरिया, बहुतेक ओळी सारख्याच येऊन राहिल्या, ज्येष्ठमध इकडेही तिकडेही, आलं इकडेही तिकडेही. विषय बदलू का? की मी चुकीच्या ठिकाणी शोधतोय? आयुर्वेदवाल्यांनी पण सांगा न काही.

वैद्य_सक्करदरा

विषय बदलू नकोस बेटा. सर बोलले ते खरं आहे पण अर्धं. सिद्धांत चीनचाच, त्यात वाद नाही, कोरियन ग्रंथ चिनी ग्रंथांचे उतारेच्या उतारे देतात. पण कोरियाची एक अडचण होती, औषधं बाहेरून यायची, महाग पडायची आणि लढाई लागली की बंद. म्हणून १४३३ साली राजा सेजोंगच्या काळात ह्यांगयाक जिपसोंगबांग नावाचा ८५ खंडांचा ग्रंथ झाला, त्याचा सगळा भर आपल्या मातीत उगवणाऱ्या औषधांवर. मग येतो राजवैद्य हॉ जुन. राजाने १५९६ मध्ये काम दिलं, पुढच्याच वर्षी जपानी फौजा परत चालून आल्या, सोबतचे वैद्य पांगले, नंतर राजा वारला तर याला हद्दपार केलं, आणि तिथे बसूनही हा लिहीतच होता. १६१० ला पूर्ण, १६१३ ला छापून आला, दोंगइबोगाम, २५ खंड.

आता तुझ्या कामाची गोष्ट. त्यात औषधांच्या भागात बऱ्याच वनस्पतींची गावठी कोरियन नावं हांगुल लिपीत दिली आहेत, म्हणजे खेड्यातल्या माणसालाही झाड ओळखता यावं, आणि जे औषध चीनमधून येतं त्याच्यावर तशी खूण केली आहे. म्हणजे आपलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे त्या माणसाने चारशे वर्षांपूर्वीच वेगळं करून ठेवलंय. तुझा तक्ता तिथून सुरू कर!

याच्या बाजूला चीनचा ली शिझेन ठेव. त्याचं बेनत्साओ गांगमू १५७८ ला लिहून झालं, छापून आलं १५९६ ला, तोवर तो वारलेला. १८९२ द्रव्यं आहेत त्यात. पण रचना बघ, ली शिझेन द्रव्याकडून जातो, गवत, धान्य, झाड, दगड, प्राणी असं, आणि हॉ जुन शरीराकडून जातो, आधी आतलं शरीर, मग बाहेरचं, मग रोग, औषधांचा भाग त्याच्यानंतर. आपल्याकडे निघंटु (औषधी द्रव्यांचा कोश) आणि संहितेत (शरीर, रोग, उपचार सांगणारा ग्रंथ) जसा फरक आहे तसा समज. दोन्ही ग्रंथ युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत आहेत, कोरियाचा २००९ ला गेला, चीनचा २०११ ला.

सोलमधला_नागपूरकर

काका मस्त लिहिलं. मी कामानिमित्त सोलला राहतो, पुस्तकातलं मला समजत नाही, दिसतं ते सांगतो.

इथे हानइसा म्हणजे पारंपरिक वैद्य, सहा वर्षांची डिग्री, सरकारी लायसन्स, दवाखाना एकदम चकाचक. ऑफिसमधल्या एकाने मला बळंच नेलं होतं, पाठ धरली होती म्हणून. तर त्यांनी पाठीचं सोडून भलतंच विचारायला सुरुवात केली, घाम किती येतो, पचन कसं, थंड पाणी आवडतं का, राग लवकर येतो का, खांदे रुंद की कंबर रुंद, आणि मग सांगितलं तुम्ही सोयांगइन. चार प्रकारची माणसं असतात म्हणे, ही पद्धत ली जे-मा नावाच्या माणसाने १८९४ ला मांडली आणि ही चीनमधून आलेली नाही, खास कोरियाची. आणि सोयांगइन म्हणजे मुळात उष्ण, त्याला जिनसेंग देत नाहीत! कोरियात राहून जिनसेंग बंद, म्हणजे नागपुरात राहून सावजी बंद. चीनमध्ये असं नाही म्हणतात, तिथे या वेळी तुमच्या शरीरात काय बिघडलंय ते पाहून औषध ठरवतात, माणसाचा जन्मभराचा शिक्का मारत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

अजून एक, जिनसेंग इथे दोन रंगात मिळतं. ताजं मूळ वाळवलं तर पांढरं, आणि सालीसकट वाफवून वाळवलं तर लाल, हातात घेतलं तर काचेसारखं कडक आणि तपकिरी. चांगल्या लाल जिनसेंगसाठी सहा वर्षांचं मूळ वापरतात. आणि ऐन उन्हाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात गरम तीन दिवशी, हे लोक कोंबडीच्या पोटात जिनसेंग आणि तांदूळ भरून उकळतं सूप पितात, घाम पुसत पुसत. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला कोणी असं दिलं तर भांडण होईल बाप्पा.

रानवेल_गडचिरोली

काकांनी आणि सोलवाल्या दादाने भारी सांगितलं पण तू बॉटनीचा आहेस न, मग ग्रंथ आणि माणसं इतिहासवाल्यांना राहू दे, तू झाड पकड. तुझ्या तक्त्यात ओळी सारख्या येतात कारण तू बाजारातलं नाव लिहितोयस. त्याच्या पुढे स्पीशीज, म्हणजे झाडाची नेमकी शास्त्रीय जात लिही, मग बघ काय होतं ते.

सगळ्यात सोपं उदाहरण दांगग्वी. बायकांच्या पाळीच्या तक्रारी, रक्त कमी, तिथे हे मूळ दोन्ही देशांत देतात, चिनी लोक दांगग्वेइ म्हणतात. चीनमध्ये ते अँजेलिका सायनेन्सिस, पांढरी फुलं. कोरियात अँजेलिका गिगास, फुलं जांभळी, शेतात उभं राहिलं तर लांबून ओळखू येतं. जपानात तिसरीच, अँजेलिका अक्युटिलोबा. आणि फरक नुसता फुलाचा नाही, कोरियन मुळात डेकर्सिन नावाचं द्रव्य भरपूर, चिनी मुळात लिगुस्टिलाइड आणि फेरुलिक अॅसिड. म्हणजे नुस्खा तोच, कागदावर अक्षरंही तीच, आणि भांड्यात पडतंय ते वेगळं. एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशाच्या औषधाला लावता येईल का, हा तुझा प्रश्न. सरांना हे विचार, बघू काय म्हणतात.

दुसरं मुतोंग. कोरियात ते अकेबियाची वेल. चीनच्या बाजारात मात्र बरीच वर्षं त्या नावाने अॅरिस्टोलोकिया मंशुरिएन्सिस चालायची, तिच्यातल्या अॅरिस्टोलोकिक अॅसिडने किडनी जाते आणि कॅन्सरही होतो, शेवटी २००३ ला चीनने ती बंद केली. त्याआधी १९९० च्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत असाच घोळ, स्टेफानिया नावाच्या वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया गेली कारण चिनी नावं जवळजवळ सारखी, शंभराच्या वर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. आणि कोरिया काही धुतल्या तांदळाचा नाही, २०१५ मध्ये तिथे बेकसुओ नावाच्या औषधी मुळाची ३२ प्रॉडक्ट तपासली तर खरी फक्त ३ निघाली, बहुतेकांत त्याच सायनॅन्कम जीनसमधली स्वस्त भावकी भरलेली.

हसू नका, आपल्याकडे रास्ना घ्या, कुठे प्लुचिया, कुठे अल्पिनिया, कुठे झाडावर वाढणारं वांडा ऑर्किड, तिन्ही रास्नाच.

तर्कटराव

हे सगळं ठीक आहे पण यातलं काम काय करतं ते कोणी बोलेना. फरक दाखवून उपयोग काय जर दोन्ही नुसती श्रद्धाच असेल.

रानवेल_गडचिरोली

@तर्कटराव सगळंच काम करतं असं कोणीच नाही म्हटलं. पण चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू (Tu Youyou) यांनी मलेरियावर आर्टेमिसिनिन हे औषध काढलं ते चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पुस्तकातली एक ओळ वाचूनच, मूठभर छिंगहाव (आर्टेमिसिया) पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं लिहिलेलंच नव्हतं! म्हणून त्यांनी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला आणि तो चालला. २०१५ ला नोबेल. पण त्याच्या आधी शेकडो वनस्पती तपासून बाजूला टाकल्या होत्या हेही तितकंच खरं, आणि तिथेही झाड नेमकं कोणतं, आर्टेमिसियाची कोणती जात, हा घोळ होताच.

वैद्य_सक्करदरा

सोलवाल्या बाळाने विचारलं त्यावर. बरोबर आहे, तुमचे ते चार प्रकार आपल्या प्रकृतीसारखे वाटतात पण वात-पित्त-कफ त्यांच्यावर चिकटवू नका, त्यांचा हिशोब कोणता अवयव बलवान आणि कोणता दुबळा यावर आहे. आणि पोरा, तक्त्यात एक ओळ आपल्यासाठीही ठेव, हिरडा. चीनमध्ये हेझी, कोरियात गाजा, झाड मात्र तेच टर्मिनेलिया चेबुला. तिन्ही देशांत एकच झाड असलेली एखादी ओळ असली तर वेगळ्या ओळी उठून दिसतात.

संत्रेवाला_पोट्टा

काका, ताई, दादा, सगळ्यांचे भल्ली आभार. ५० वनस्पतींचा तक्ता रद्द, आता फक्त चार घेतो, दांगग्वी, मुतोंग, जिनसेंग, हिरडा, आणि प्रत्येकाची स्पीशीज, कोणता भाग वापरतात, प्रक्रिया काय, घटक काय. ताई, दांगग्वीचं मूळ आपल्या इतवारी बाजारात मिळेल का? नमुना हातात असला तर सेक्शन (पातळ काप) काढून दाखवता येईल.

इतवारी_जडीबुटी

नाही मिळत भाऊ. अँजेलिका म्हणून मागशील तर कोणी चोरक काढून देईल, ते अँजेलिका ग्लाउका, हिमालयातलं, तुझं नव्हे. आणि जिनसेंग मागितलं तर अश्वगंधा पुढे करतील, इंडियन जिनसेंग म्हणून, त्याचा जिनसेंगशी काही संबंध नाही. हिरडा घेऊन जा, तो खात्रीचा देतो, पण बाळहिरडा पाहिजे की मोठा ते आधी सरांना विचारून ये.