माग्डेबुर्गहून एका दिवसात बर्लिन: क्रम कसा लावावा?

शिंपला27
माग्डेबुर्गला मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर सुरू आहे. येत्या रविवारी बर्लिनला जाऊन रात्री परत यायचंय. सेमिस्टर तिकीट जर्मनीभर चालतं. यादी: राइशटागचा (जर्मन संसद भवनाचा) घुमट, भिंत, म्युझियम आयलंड, ईस्ट साइड गॅलरी. खर्च कमीत कमी हवा.

रूळवाट
आरई1 ही प्रादेशिक गाडी थेट जाते, साधारण पावणेदोन तास. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चढू नकोस, तुझं तिकीट प्रादेशिक गाड्यांच्या दुसऱ्या वर्गापुरतंच आहे. अ‍ॅपमध्ये त्याच रविवारची तारीख टाकून बघ. रुळांची कामं बरेचदा सुट्टीच्या दिवशी काढतात आणि मधल्या टप्प्यात बसने जावं लागतं. तिकीट मोबाइलमध्ये असेल तर पॉवर बँक हवीच. फोन बंद पडला की तपासनीसाच्या लेखी तू विनातिकीट, दंड 60 युरो.

घुमटाची नोंदणी आजच कर. बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या साइटवर होते, पैसे पडत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिही आणि मूळ पासपोर्ट सोबत ठेव, फोनमधला फोटो चालत नाही. वेळ संध्याकाळची घे, कारण तिथून मुख्य स्टेशन पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. साइटवर जागा नसेल तर सकाळी उतरल्या उतरल्या शाइडेमानश्ट्रासंवरचं सर्व्हिस सेंटर गाठ. जागा शिल्लक असली तर निदान दोन तासांनंतरची वेळ मिळते.

म्युझियम आयलंड या खेपेला सोड. तिथलं पेर्गामोन 2023 च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि बाकीची संग्रहालयं धावतपळत बघण्याजोगी नाहीत.

एम10चा प्रवासी
भिंतीसाठी मुख्य स्टेशनाबाहेरून एम10 ट्राम पकड, 'गेडेंकश्टेटं बर्लिनर माउअर' थांब्यावर उतर. हे बर्नाउअर श्ट्रासंवरचं स्मारक, उघड्यावर, विनाशुल्क. माझ्या मते भिंत समजून घ्यायची तर इथेच. रस्त्याच्या एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि त्यांच्यासमोरचा फूटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये, म्हणून 1961 च्या ऑगस्टमध्ये सीमा बंद झाली तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. भिंत पाडली त्या जागी आता गंजक्या रंगाचे उभे लोखंडी गज आहेत. समोरून त्यांच्यातून आरपार दिसतं, जाताही येतं. तिरकं पाहिलं की तेच गज सलग भिंत होतात. समोरच्या इमारतीच्या मनोऱ्यावर जरूर चढ, वरून टेहळणी बुरूज आणि मधला मोकळा पट्टा एका नजरेत येतो. दीड-दोन तास ठेव.

मग तीच एम10 शेवटपर्यंत, वार्शाउअर श्ट्रासंला. तिथून ईस्ट साइड गॅलरी, म्हणजे चित्रं रंगवलेला भिंतीचा उरलेला भाग, जवळ आहे, लांबी सुमारे 1.3 किलोमीटर. रविवारी माउअरपार्कच्या जुन्या बाजारामुळे ट्राम खच्चून भरते, तेव्हा सकाळीच निघ. परतीला एस-बान (लोकल) थेट मुख्य स्टेशनला जाते.

दालेमकर
मराठी माणसासाठी एक जागा सुचवतो: बर्लिनच्याच दालेम भागातली इनंश्ट्रासं 22. इथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत इरावती कर्वे यांनी 1920 च्या दशकाअखेर कवटीच्या असममितीवर पीएचडी केली. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशानुसार कवटीत फरक असतो हे त्यांचं गृहीतक. बाईंच्या मोजमापांत ते टिकलं नाही, आणि त्यांनी तसं लिहिलंही. इमारत आज फ्राय विद्यापीठाकडे आहे. यू3 मेट्रोने 'फ्राय उनिव्हर्सिटेट' स्थानकावर उतरायचं.

शिंपला27
दालेम आणि गॅलरी दोन्ही जमेल का?

रूळवाट
ओढाताण होईल. गॅलरी सोड, दालेम कर. आणि परतताना पाटीवर माग्डेबुर्ग वाचूनच चढ, काही आरई1 वाटेतल्या ब्रांडेनबुर्ग शहरातच संपतात.