अनुभव धागा: डेअरडेव्हिलचे कान आणि आपल्या रस्त्यावरचे कान

धागा सुरू करताना (ठाणे)

स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी १९६४ मध्ये कॉमिकमध्ये आणलेला डेअरडेव्हिल, म्हणजे न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला अंध वकील मॅट मर्डॉक. लहानपणी किरणोत्सारी द्रव्यामुळे दृष्टी गेली आणि बाकीची इंद्रियं अचाट तीक्ष्ण झाली. समोरच्याच्या काळजाचे ठोके त्याला ऐकू येतात, छापील मजकूर तो बोटाने वाचतो आणि एका 'रडार'मुळे खोलीचा आकार त्याला आपोआप कळतो. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला "तुम्हाला देवाने वेगळी शक्ती दिलेली असते ना?" असं विचारणाऱ्यांच्या मनात साधारण हेच चित्र असतं.

यातलं खरं किती, हे त्या त्या विषयात रोज काम करणाऱ्यांनी लिहावं. आठवणी नकोत. पद्धत, मापं, कुठे फसतं आणि का फसतं, एवढं हवं.

ऐरोली, प्रतिध्वनीचा सराव घेणारा

रडारपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त तथ्य त्यातच आहे.

नववीच्या विज्ञानात आपण शिकलो की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला अडथळा किमान १७.२ मीटर दूर हवा. मग एक मीटरवरची भिंत आवाजाने कशी कळेल? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक मीटरवरून आवाज परतायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. एवढ्यात कानाला दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, पण मूळ आवाजाचा पोत बदलतो आणि शिकायचं असतं ते हा बदल ओळखायला. पूर्वी याला 'चेहऱ्याने दिसणं' म्हणत, कारण अडथळा जवळ आला की गालावर दाब आल्यासारखं वाटतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी १९४४ मध्ये दाखवलं की हे काम कानांचंच आहे. कान बंद केले की ती जाणीव जाते.

घरी करायचा सराव असा. पंखा बंद. डोळे मिटून बसा, स्टीलचं ताट चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर धरा आणि एकसारखं "श्श्श्" म्हणत ताट हळूहळू जवळ आणा. वीतभर अंतरापर्यंत आलं की "श्श्श्" बारीक, चढ्या सुरात गेल्यासारखं ऐकू येतं. हा चढ ऐकू येईपर्यंत पुढे जायचं नाही. मग ताटाऐवजी उशी घ्या, आवाज भुसभुशीत होईल. नंतर दुसऱ्या कुणाला तरी ताट डावीकडे किंवा उजवीकडे धरायला सांगा आणि बाजू ओळखा. हे दहापैकी आठ वेळा जमलं की जिभेची टिचकी: जीभ टाळूला घट्ट चिकटवून खाली ओढायची, 'टॉक'. चांगली टिचकी जेमतेम ३ मिलिसेकंदांची असते.

चुका ठरलेल्या. जीभ खाली आपटली की 'टॉक-लप' असे दोन आवाज होतात आणि दुसरा आवाज परत येणाऱ्या पहिल्यावर बसतो. छोट्या खोलीत फार जोरात टिचकी मारली तर चारही भिंती एकदम बोलतात आणि काहीच सुटं होत नाही. मान स्थिर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. डोकं थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवल्याशिवाय वस्तूची कड सापडत नाही.

आता मर्यादा. टिचकीतला मुख्य आवाज साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी साधारण ९ ते १७ सेंटीमीटर. त्याहून बरीच बारीक वस्तू (नो पार्किंगचा दांडा, साखळी, सायकलचं हँडल) आवाज नीट परतवत नाही. भिंत, उभी बस, झाडाचा बुंधा, उघडं दार कळतं. उघडं चेंबर अजिबात कळत नाही, कारण खड्डा आवाज परत पाठवत नाही.

कोपरखैरणे, काठी शिकवणारी

शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचावं. टिचकीसाठी जगभर ओळखला जाणारा डॅनियल किश (तेरा महिन्यांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गमावलेला) स्वतः लांब काठी घेऊनच चालतो. डेअरडेव्हिलची काठी मारामारीत फेकायला आहे, आपली जमीन वाचायला आहे. म्हणून माझा आग्रह: आधी काठी पक्की, मग टिचकी.

काठीची उंची किमान छातीच्या मधल्या हाडापर्यंत, भरभर चालणाऱ्याला काखेपर्यंत. मूठ बेंबीसमोर. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना साधारण ५ सेंटीमीटर जास्त फिरवायचं. डावं पाऊल पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवं पुढे तेव्हा डावीकडे. म्हणजे ज्या जागी पुढचं पाऊल पडणार ती जागा टोकाने आधीच तपासलेली असते.

बिघडतं कुठे? मूठ हळूहळू उजव्या कुशीकडे सरकते, डावीकडचा फेर आखूड होतो आणि डावा पाय गटाराच्या कडेवर जातो. शिकणाऱ्याला हे जाणवत नाही. मागून चालणाऱ्याने पाहून सांगावं लागतं. दुसरं म्हणजे आपले पेव्हर ब्लॉक. वाशी-नेरुळच्या सेक्टरांमध्ये फुटपाथ रुंद आहेत, पण ब्लॉक उखडले की बारीक टोक फटीत अडकून काठीची मूठ पोटात बसते. तिथे फिरणारं, लिंबाएवढं टोक लावा आणि काठी न उचलता जमिनीवरून सरकवत न्या. टोक एका बाजूने झिजलं की खडबडीत आणि गुळगुळीत यातला फरक हातापर्यंत पोचत नाही, ते बदलायलाच हवं.

कमरेच्या वरचं काठीला कळत नाही. टेम्पोचा उघडा फाळका, एसीचं बाहेरचं यंत्र, गळ्याच्या उंचीवर बांधलेला बॅनर. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन ध्वनिलहरींनी सुमारे ३ मीटरपर्यंतचं असं काही असेल तर मुठीत थरथर देते. गर्दीत ती सतत थरथरते, म्हणून स्टेशनात बंद ठेवणं बरं.

घोडबंदर रोड

मेट्रोच्या कामाचे पत्रे काठीवाल्याला त्रासाचे आहेत, फुटपाथ खाल्ला आहे त्यांनी. पण पत्रा आवाज छान परतवतो. हातभर अंतर ठेवून चाललं तर काठीच्या टकटकीला एक कडक झिलई येते. जिथे ती एकदम नाहीशी होते तिथे पत्र्यात डंपरचं फाटक आहे. तिथे थांबा, ऐका, मग पुढे.

वागळे इस्टेट

पावसाबद्दल. डेअरडेव्हिलला पावसात सगळं जग रेखून दिसतं, आणि त्यात तथ्य आहे. पत्र्याचं शेड, गाडीचं टप, डबकं, झाडाची पानं, प्रत्येकावर थेंब वेगळा वाजतो. रिमझिम असेल तर समोर गाडी उभी आहे हे ती न वाजवताही कळतं. पण ठाण्यात जुलैमध्ये रिमझिम किती वेळ टिकते? मुसळधार झाली की सगळं एकच कढईतलं तळण होतं, आणि ओल्या रस्त्यावर टायरांचा सरसराट इतका लांबवर पसरतो की गाडी जवळ आहे की दूर ते कळत नाही.

छत्री वापरू नका. थेंब कानाच्या वीतभर वर वाजत राहतात आणि एक हात अडकतो. रेनकोटची टोपीही कान झाकते. त्यापेक्षा पुढे झाप असलेली साधी टोपी, कान उघडे, आणि गळ्यापर्यंत बंद होणारा रेनकोट. केस भिजतील, भिजू देत.

नौपाडा, वकिली

काळजाचे ठोके ऐकून खोटं पकडण्याबद्दल.

हृदयाचे आवाज फार खालच्या पट्टीतले, बहुतांश १५० हर्ट्झच्या आतबाहेर, आणि तिथे माणसाचा कान मुळात मंद आहे. शिवाय शरीरातून हवेत येताना ९९ टक्क्यांहून जास्त ध्वनी त्वचेवरूनच आत परततो. म्हणून तर १८१६ मध्ये लेनेकला कागदाची नळी करून छातीला लावावी लागली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. टेबलापलीकडून ठोके ऐकू येणं कुठल्याही प्रशिक्षणाने शक्य नाही.

आणि आले असते तरी? ठोके वाढतात ते भीतीने, जिना चढल्याने, चहाने. खरं बोलणारा साक्षीदारही कोर्टात घाबरतो. सेल्वी विरुद्ध कर्नाटक या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय पॉलिग्राफ (ठोके, श्वास मोजून खोटं पकडू पाहणारी), नार्को आणि ब्रेन मॅपिंग चाचणी करायला मनाई केली आहे. मर्डॉक ज्या ठोक्यांवर विसंबतो, त्यांना आपल्याकडे पुरावा म्हणून जागा नाही. अंध वकील खरोखर जे ऐकतो ते वेगळं: प्रश्न आणि उत्तर यांतला थांबा, वाक्य मध्येच वळवणं, आवाज फाइलकडे जातोय की न्यायाधीशांकडे. हे कान देणाऱ्या कुणालाही जमतं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की केवळ दृष्टी नाही म्हणून न्यायिक सेवेतून कुणाला वगळता येणार नाही. मला त्या कॉमिकमधल्या सगळ्या शक्तींपेक्षा ही ओळ मोठी वाटते.

तलावपाळीजवळ, ब्रेल शिकवणारी

बोटांचं सांगते. घासून नेलेल्या बोटाला अतिशय बारीक उंची कळते. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या प्रयोगात १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता आल्या. मग छापील अक्षर का वाचता येत नाही? कारण उंची कळणं वेगळं आणि आकार कळणं वेगळं. साधारण १ मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन कंगोरे बोटाला एकच वाटतात, आणि वर्तमानपत्रातल्या अक्षराच्या रेषा त्याहून जवळ असतात. शिवाय ती शाई कागदात मुरते.

लुई ब्रेलने नेमकं हेच सोडवलं. एका घरात सहा ठिपके (डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६), दोन ठिपक्यांत सुमारे २.५ मिलिमीटर, उंची साधारण अर्धा मिलिमीटर. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, 'ठाणे' चार घरांत बसतं: ठ २-४-५-६, आ ३-४-५, ण ३-४-५-६, ए १-५. मधली दोन घरं पाहा, फरक फक्त सहाव्या ठिपक्याचा, तोही खाली उजवीकडे. नवशिके बोट जोराने दाबतात, मांस पसरतं, तो ठिपका हरवतो आणि 'ण' चा 'आ' होतो. उपाय: मनगट हलकं, बोट सपाट, दाब इतका कमी की कागद हलणार नाही, आणि सरकणं आडवं. वरखाली घासायची सवय लागली की वेग कधीच येत नाही.

नोटांचं लगेच उपयोगी. नव्या मालिकेत लांबी अशी: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. शंभरपासून वर उठावाची खूण असते: १०० ला त्रिकोण, २०० ला इंग्रजी एच, ५०० ला वर्तुळ. कडेच्या तिरक्या रेषा १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन गोल, ५०० ला पाच. फसतं दोन ठिकाणी. वापरून मऊ झालेल्या नोटेचा उठाव बसतो, मासळीबाजारातल्या ओल्या नोटेचा तर पूर्णच. आणि जुन्या मालिकेतली दहाची नोट १३७ मिलिमीटर, म्हणजे नव्या पन्नासच्या फक्त २ मिलिमीटर पुढे. इथे लांबीवर जाऊ नका, रुंदी पाहा: दहाची ६३, पन्नासची ६६. तेही जमेना तर रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं 'मनी' (MANI) ॲप.

वाशी

मेंदूकडून थोडं. अंध व्यक्तीचा कान श्रवणचाचणीत सहसा डोळस माणसासारखाच येतो. फरक पुढे पडतो. १९९६ मध्ये दिसलं की जन्मापासून किंवा लहानपणापासून अंध असलेले लोक ब्रेल वाचताना मेंदूचा दृष्टीचा भाग कामाला लावतात. २०११ मध्ये टिचकी वापरणाऱ्या दोघांत प्रतिध्वनी ऐकताना तोच भाग जागा झालेला आढळला. २०२१ च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या सरावाने अंध आणि डोळस दोघेही टिचकी शिकले, त्यात सत्तरीपुढचेही होते. आणि सगळंच सुधारतं असं नाही. कडेचे आवाज कुठून येतात हे अंध लोक जास्त नेमकं सांगतात, पण वर-खाली ओळखण्यात काही प्रयोगांत ते मागे पडले.

तुर्भे

वास ही खूण म्हणून चांगली, पत्ता म्हणून वाईट. एपीएमसीचा मसाला बाजार वाऱ्यावर कुठवर येईल सांगता येत नाही, आणि दोन-चार मिनिटांत नाक सरावतं. लोकलमध्ये वासाला आवाजाची जोड द्या: मानखुर्द सुटल्यावर खाडीपुलावर बाजूच्या भिंतींवरून परतणारा खडखडाट थांबतो, डबा मोकळा वाटतो, चिखलाचा वास येतो. पुढचं वाशी.

पाचपाखाडी, रस्ता ओलांडण्याचं प्रशिक्षण

तीन हात नाक्यासारख्या चौकात डेअरडेव्हिल गाड्यांवरून उड्या मारेल, आपल्याला गाड्यांचा ताल वापरायचा आहे. ओलांडायच्या रस्त्याकडे सरळ तोंड करून, खांदे त्या रस्त्याला समांतर धरून उभे राहा. आपल्या समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या आणि आपल्या चालण्याच्या दिशेला समांतर असलेल्या गाड्यांनी एकदम उचल घेतली, की त्याच क्षणी निघा. सुरू असलेल्या हिरव्यात निघू नका, किती उरलाय ते माहीत नसतं. मोकळं डावं वळण आणि उलट दिशेने येणारी दुचाकी हा हिशेब मोडतात. पुलाखाली आवाज छतावरून परततो, दिशा चुकते, म्हणून पुलाच्या सावलीबाहेर उभं राहून ऐका. इलेक्ट्रिक स्कूटर सावकाश असताना टायरशिवाय काही वाजत नाही. तिच्यासाठी काठी पुढे, उघडी दिसेल अशी धरणं एवढंच हातात आहे.

चरई

दहीहंडीच्या दिवसांबद्दल कुणी लिहिलं नाही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीजवळ तासभर गेला तर कान काही तास बधिर राहतात, टिचकी आणि काठीची टकटक दोन्ही गेली. डोळस माणूस कानात बोळे घालून निघून जातो, अंध माणसाने बोळे घातले की रस्ताच बंद. त्या दिवशी सोबतीच्या कोपराला धरून, अर्धं पाऊल मागे चालायचं. ज्यांच्या गल्लीत मंडप आहे त्यांनी निदान स्पीकरची तोंडं फुटपाथकडे करू नयेत, ही कळकळीची विनंती.

नेरुळ, अंधांचं क्रिकेट

हवेत फेकलेली वस्तू डेअरडेव्हिल झेलतो. इथे चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे, गोलंदाजी हात खाली ठेवून. गोलंदाज "रेडी?" विचारतो, फलंदाज "येस" म्हणतो, मग "प्ले". पूर्ण अंध, म्हणजे बी-१ गटाचे किमान चार खेळाडू संघात असतात, त्यांची धाव दुप्पट मोजतात आणि त्यांनी एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही ग्राह्य धरतात. चेंडू जमिनीवर लोळताना खुळखुळतो, उंच उडाला की छर्रे फारसे वाजत नाहीत. म्हणून क्षेत्ररक्षकाने चेंडूमागे धावायचं नाही, आवाजाच्या वाटेत आडवं पडून शरीराची भिंत करायची. गवत वाढलेलं असेल तर चेंडू लवकर थांबतो, आणि थांबलेला चेंडू गप्प असतो. मैदान त्यासाठी सामन्याच्या आधी बारीक कापून घ्या.